लिस्बन पायी बघायला निघालेल्या भाचीला

अगं, घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकदम काढलीस, हे फार छान केलंस. ताईचे गुडघे, भाऊजींची फोटोंची हौस, थोरलीचे प्रश्न, धाकट्याची तासातासाला लागणारी भूक आणि जावईबापूंची घाई, एवढं सगळं बरोबर घेऊन तू सात टेकड्यांच्या गावाला निघाली आहेस. लिस्बन पायांनीच बघायचं असतं. गाडीच्या काचेतून त्यातलं निम्मंही दिसत नाही, कारण खरी मजा आहे ती गाडी शिरत नाही अशा बोळांत. पण चढ आहेत, पायऱ्या आहेत, गुळगुळीत दगड आहेत आणि घरच्यांची कुरकुर नेमकी तिथेच सुरू होते. म्हणून निघण्याआधी हे वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला लाव.

१. ज्याची चाल सगळ्यांत हळू, त्याला सगळ्यांत पुढे ठेव – मागे पडलेलं माणूस पायांनी कमी दमतं आणि मनाने जास्त. हळू पाय पुढे, तर घर एकत्र चढे.

२. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरव आणि ती सकाळीच उरकून घे – दुपारनंतर दिसेल ते वरकड समजायचं, म्हणजे काही राहून गेलं म्हणून कोणी कोणावर डाफरत नाही.

३. बूट इथेच रोज घालून मुरवून ने, आणि तळ रबरी, खाचांचा बघ – तिथले पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या लहान लहान तुकड्यांचे असतात, त्याला ‘कालसादा’ म्हणतात. माणसांच्या पायांनी ते इतके गुळगुळीत झालेत, की एक सर पडली तरी पाय सटकतो.

४. उतारावर भिंतीकडची बाजू ताईला द्यायची – हाताला धरायला काहीतरी असलं की गुडघ्यांना धीर येतो. ओला दगड आणि भुकेलं पोर, दोन्ही हात धरूनच सांभाळावीत.

५. राहायची जागा खाली ‘बाइशा’ भागात किंवा मेट्रोच्या स्टेशनाजवळ सपाटीवर घे, टेकडीवरच्या खिडकीच्या मोहात पडू नकोस – दिवसभर चालून आल्यावर शेवटचा चढ सगळ्यांच्या जिवावर येतो, आणि देखावा काय, वरच्या कठड्यावरून फुकट बघता येतो.

६. घर ठरवताना लिफ्ट आहे का, हे स्पष्ट विचार – तिथल्या जुन्या चार-पाच मजली इमारतींत अरुंद लाकडी जिनेच असतात, आणि बॅगा शेवटी जावईबापूंनाच उचलाव्या लागतात.

७. बाबागाडी बाइशात आणि नदीकाठी चालेल, आल्फामाच्या जुन्या वस्तीत मुळीच नाही. धाकट्यासाठी पाठीवर बांधायची झोळी ने – तिथल्या बोळांना पायऱ्या आहेत, आणि गाडीत बसलेलं पोर गाडीसकट उचलायला लागलं की दोन माणसांचा दिवस वाया जातो.

आता चढ-उताराचं सांगते, कारण लिस्बनमध्ये सगळं त्यावरच अवलंबून असतं.

८. चढ चाकांवर, उतार पायांवर – एवढं पाळलंस तर अर्धी भांडणं होतच नाहीत.

९. पण हा नियम ताईला जसाच्या तसा लावू नकोस – ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणं जास्त जड जातं. तिच्यासाठी पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता धर, आणि घडी होणारी काठी बॅगेत टाकच. ती नको म्हणेल, तरी टाक.

१०. बाइशातून वर शियादूला जायचं तर ‘बाइशा-शियादू’ मेट्रो स्टेशनात शिर आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पड – स्टेशनाचं एक तोंड खाली, दुसरं टेकडीवर आहे, आणि नुसतं आरपार जायला तिकीट लागत नाही. सांता जुश्ताची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट बघायला सुरेख आहे, ती खालून डोळे भरून बघा; लहान मुलांना घेऊन तिच्या रांगेत ताटकळू नका.

११. किल्ल्याच्या बाजूला चढायला ‘रुआ दुश फांकेरुश’ रस्त्यावर एका साध्या इमारतीत लिफ्ट आहे, ती वरच्या रस्त्याला सोडते. तिथून थोडं चालून एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट मिळते – गावातले म्हातारे याच वाटेने जातात, आणि टेकडीच्या गावात म्हाताऱ्यांची वाट धरावी.

१२. दोरखंडावर चालणाऱ्या जुन्या चढणीच्या गाड्यांवर बेत बांधू नकोस, त्या दिवशी सुरू आहेत का ते आधी विचार – सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया चढणीवर मोठा अपघात झाला आणि त्यानंतर या गाड्या तपासणीसाठी बंद ठेवल्या होत्या.

१३. २८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना हवी असते. मार्तीं मोनीझला सकाळी लवकर जा, नाहीतर दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरिकला बस – मधल्या थांब्यावर चढलात तर उभं राहून दुसऱ्यांच्या पाठीच बघाव्या लागतात, आणि खिसेकापूंनाही हीच ट्राम आवडते.

१४. आल्फामाच्या अरुंद रस्त्यात ट्रामची घंटा ऐकू आली की मुलांना भिंतीला पाठ लावून उभं कर – ट्राम रुळावर असते, ती बाजू देऊ शकत नाही. बाजू आपणच द्यायची.

१५. प्रत्येकाचं वेगळं कार्ड घे आणि त्यावर नाव लिहून ठेव – मेट्रो, बस, ट्राम, होडी सगळीकडे तेच चालतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, आणि ट्रामच्या चालकाकडून सुटं तिकीट घेतलं तर महाग पडतं.

१६. मेट्रोचा नकाशा थोरलीच्या हातात दे – निळ्या मार्गाची खूण सीगल पक्षी, पिवळ्याची सूर्यफूल, हिरव्याची शिडाचं जहाज आणि तांबड्याची होकायंत्र. ती तुम्हा सगळ्यांना बरोबर नेईल, आणि जिच्या हाती वाट, तिची कुरकुर बंद.

१७. चढताउतरताना एक मोठं माणूस सगळ्यांत पुढे आणि एक सगळ्यांत शेवटी. ताटातूट झालीच, तर मागे राहिलेल्याने तिथेच थांबायचं आणि पुढे गेलेल्यांनी परत यायचं – दोघंही शोधायला निघाले की कोणीच सापडत नाही.

१८. हरवलं तर भेटायची जागा रोज सकाळी ठरव. पहिल्या दिवशी नदीकाठच्या मोठ्या चौकातला घोड्यावरचा राजा दाखवून ठेव – १७७५ पासून तो तिथेच उभा आहे, आणि कुठूनही दिसतो. धाकट्याच्या मनगटावर पेनाने तुझा फोन नंबरही लिही.

आता एक चाल सांगते. एकच चाल जमली तरी ही चुकवू नकोस.

१९. सकाळी ट्रामने थेट वर ग्रासाला जा, थोडा चढ चढून ‘सेन्योरा दु मोंत’च्या कठड्याशी उभे राहा – तिथून किल्ला, नदी, पूल आणि लाल कौलं एका नजरेत येतात, आणि पुढे दिवसभर मुलांना ‘आपण कुठे आहोत’ ते कळत राहतं.

२०. तिथून उतार धर: ग्रासाचा कठडा, मग सांव व्हिसेंतचं पांढरं चर्च, मग ‘पोर्ताश दु सोल’, मग सांता लुझिया, मग ‘से’, म्हणजे थोरलं चर्च, आणि शेवटी नदी. मंगळवार किंवा शनिवार असेल तर सांव व्हिसेंतच्या मागे ‘फेइरा दा लाद्रा’ हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो – भाऊजींना तिथे अर्ध्या तासाची मोकळीक दे, पण घड्याळ तुझ्याकडे ठेव.

२१. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं मोठं चित्र आहे, त्यापुढे जरा थांब – १७५५ च्या भूकंपाआधी नदीकाठचा चौक कसा होता ते त्यात दिसतं, आणि तासाभराने तुम्ही त्याच चौकात उभे असाल. आधी चित्र, मग जागा. मुलांच्या डोक्यात हाच क्रम टिकतो.

२२. पोर्ताश दु सोल ते नदी या उतारात नकाशा खिशात टाक आणि बोळात शिर – आल्फामा खडकावर वसलंय, म्हणून १७५५ मध्ये बरंचसं वाचलं; तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत. हरवायची भीती नको. खाली जाणारी प्रत्येक वाट नदीला मिळते.

२३. उघड्या खिडकीतून आत कॅमेरा घालू नका, दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढलेत तरी माणसांचे विचारूनच काढा – ती कोणाची तरी स्वयंपाकघरं आहेत. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या वाढल्या आणि आल्फामातली जुनी कुटुंबं बाहेर गेली; जी उरलीत त्यांच्या दारात आवाज जपून करावा. बोळात आवाज घुमतो, आणि बॅगेची चाकं तर पहाटे सगळ्या गल्लीला उठवतात.

२४. ‘से’च्या शेजारी संत अँथनींचं लहानसं चर्च आहे, ते चुकवू नका – आपल्या वसईत आणि गोव्यात ज्यांना सांत आंतोन म्हणून घरोघरी पुजतात, ते संत याच गावात जन्मले. त्यांचा सण १३ जूनचा. आदल्या रात्री आल्फामा सार्डिन मासळीच्या धुराने भरलेला असतो. पोरं लहान आहेत तोवर त्या गर्दीत संध्याकाळीच फिरा आणि वेळेवर परत या.

२५. खाली नदीच्या अलीकडे ‘कासा दुश बिकुश’ नावाचं घर आहे, भिंतभर टोकदार दगड बसवलेलं. मुलांना ते टोकदार दगड आवडतील, पण तू त्यांना घर कोणाचं ते सांग – १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या मुलाने ते १५२३ मध्ये बांधलं. आज तिथे नोबेल मिळालेल्या लेखक जोझे सारामागोंच्या नावाची संस्था आहे, आणि दारापुढच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. झाडाखाली बसायला बाक आहे. ताईचा विसावा तिथे.

२६. बाइशाच्या सरळ रस्त्यांत शिरण्याआधी थोरलीला १ नोव्हेंबर १७५५ ची सकाळ सांग – सगळ्या संतांचा सण होता, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप झाला, मग नदीतून समुद्राच्या लाटा आत आल्या, आणि पडलेल्या मेणबत्त्यांनी, चुलींनी लागलेली आग कितीतरी दिवस जळत राहिली. मग पोंबालच्या मार्किसने हा भाग नव्याने आखला: रस्ते सरळ, घरं एका उंचीची, आणि भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे, पुन्हा धक्का बसला तर घर हललं तरी पडू नये म्हणून. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली, सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. हे एकदा ऐकलं की तिला प्रत्येक कोपऱ्यावर पाटी वाचायची असते, आणि चालणं तिच्या लक्षातही राहत नाही.

२७. त्याच दिवशी वर कार्मूच्या मठात जा – भूकंपात छप्पर पडलं, ते पुन्हा पूर्ण घातलंच नाही. कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. पुस्तकातली दहा पानं वाचून जे कळत नाही, ते तिथे मान वर केली की कळतं.

२८. रोसिऊ चौकाजवळच्या सांव दोमिंगुशच्या चर्चमध्ये दोन मिनिटं शांत उभे राहा – १९५९ च्या आगीने तडकलेले, भाजलेले खांब तसेच ठेवलेत. बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. थोरलीने विचारलं तर खरं सांग, सोपं करून सांग, पण टाळू नकोस.

२९. रोसिऊच्या चौकात फरशीवर काळ्या-पांढऱ्या लाटा काढल्यात, तिथे धाकट्याला मनसोक्त पळू दे – सकाळपासून हात धरून चाललेल्या पोराला दिवसातून एकदा सपाट, मोकळी जागा लागतेच.

बेलें या भागासाठी वेगळा दिवस ठेव. तिथे आपला संबंध जास्त जवळचा आहे.

३०. सोमवारी बेलेंला जाऊ नकोस – जेरोनिमुशचा मठ आणि बरीचशी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. बाकी दिवशीही बेलेंचा मनोरा दुरुस्तीसाठी बंद नाही ना, ते आदल्या रात्री बघून ठेव.

३१. मठात शिरल्यावर चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. तिथे मुलांना दोन्ही बाजू सांग – त्या लोकांसाठी तो समुद्राची वाट काढणारा, आपल्याकडच्या किनाऱ्यासाठी तोफा घेऊन आलेला. १५२४ मध्ये तो कोचीत वारला, तिथेच पुरला आणि १५३९ मध्ये पोर्तुगालला नेला. हा मठही मिऱ्यांच्या आणि मसाल्यांच्या व्यापारावरच्या कराने उभा राहिला. थोरली वसईचा किल्ला बघून आली आहे ना? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो ज्यांच्याकडून घेतला, त्यांची ही राजधानी, असं सांग. आणि गोवा १९६१ पर्यंत इथूनच चालवला जात होता, तेही सांग. घडवलेलं सुंदर आहे, आणि त्यासाठी कोणी काय सोसलं तेही खरं आहे. मुलांना दोन्ही एकदम पेलतं, मोठ्यांनाच कधीकधी पेलत नाही.

३२. बेलेंच्या मनोऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, एका बुरुजाखाली, गेंड्याचं झिजलेलं दगडी डोकं आहे; मुलांना ते शोधायला लाव – १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून आलेला गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पाठवला होता. राजाने त्याची हत्तीशी गाठ घालून दिली, तर हत्तीच पळाला. मग तो पोपकडे रवाना केला आणि वाटेत जहाज बुडालं. ड्यूररने त्याचं प्रसिद्ध चित्र केलं तेही नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून, गेंडा न बघता. धाकटा ही गोष्ट तीनदा ऐकेल, प्रत्येक वेळी पूर्ण सांग.

३३. येताना उन्हाने डोळे चुरचुरतील, तर काळे चष्मे मुलांनाही दे – तिथले पांढरे दगड ऊन परत तोंडावर फेकतात. संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो. उन्हाळ्यातही प्रत्येकाला एक पातळ स्वेटर.

३४. जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो – म्हणून दुपारी खोलीवर येऊन सगळ्यांनी तासभर आडवं व्हा, जावईबापूंनीसुद्धा. दुपारी निजलेलं घर संध्याकाळी हसतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते, पण नीट लक्ष दे.

३५. भूक लागण्याआधी खायला बस – दुपारी तीननंतर बऱ्याच ठिकाणचं स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसातच्या आत क्वचितच उघडतं. मधल्या वेळेसाठी चिवडा, खाकरा, चिक्की बरोबर असू दे.

३६. पेढे, तूप, पनीर, आंबे मात्र इथून नेऊ नकोस – दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, फळांनाही बहुतेक वेळा दाखला लागतो. विमानतळावर ताईच्या डोळ्यांदेखत डबा टाकायला लागला, तर तिचा पहिला दिवस गेलाच.

३७. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज न मागता येतं; नको असेल तर लगेच परत दे – हात लावला की ते बिलात येतं. परत दिलं तर कोणी वाईट मानत नाही.

३८. काउंटरवर समोसा दिसेल, नावही ‘शामुसा’ आहे. आधी विचार – गोव्यामार्गे तिकडे गेलेला हा समोसा, पण आत बहुधा मांसाचं सारण असतं. भाज्यांच्या सूपमध्येही सॉसेजची चकती तरंगते. ‘सें कार्न, सें पैश’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं भाऊजींना पाठ करून दे. आणि बेलेंच्या त्या सुप्रसिद्ध कस्टर्डच्या वाट्या अंड्याच्या बलकाच्या असतात. अंडं न खाणाऱ्यांना आधीच सांग.

३९. घरच्या चवीची फारच आठवण आली तर मार्तीं मोनीझच्या आसपास डाळ-तांदूळ आणि मसाले विकणारी दुकानं आहेत – तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताईने स्वतः केलेला साधा वरणभात सगळ्यांना पुन्हा चालायला लावतो.

४०. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या भरून घ्या. आणि रोसिऊजवळ लहान पेल्यांतून ‘जिंजिन्या’ विकतात, ती चेरीची दारू असते – रंग बघून मुलं सरबत समजून हात पुढे करतील.

४१. कॉफी उभ्याने काउंटरवर प्यायली तर स्वस्त, बाहेर खुर्चीत महाग – पण ताई दमली असेल तेव्हा खुर्चीचे पैसे बिनदिक्कत दे. लहान कडक कॉफी म्हणजे ‘बिका’, ग्लासातली दुधाळ म्हणजे ‘गालांव’. आपल्या घराला दुसरीच आवडेल.

४२. कॉफी घेतली की सगळ्यांनी तिथलं शौचालय वापरून घ्यायचं, लागली नसली तरी – पुढचं कुठे मिळेल याचा भरवसा नाही, आणि चढावर धाकट्याला नेमकं तेव्हाच आठवतं.

४३. पैसे आणि कार्ड दोघांकडे विभागून ठेव, पिशवी पोटाशी घे – गर्दीत पाठीवरची पिशवी आपली नसते. पैसे काढायच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच निवड, रुपयांचा दर नेहमी वाईट असतो.

४४. बाइशात कोणी हळू आवाजात काही विकायला आलं तर न थांबता ‘नांव, ओब्रिगादा’ म्हणून पुढे जा, म्हणजे नको, आभार – बहुतेक वेळा ती फसवणूकच असते. जावईबापूंनी ‘ओब्रिगादू’ म्हणायचं.

४५. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळख, संकटात ११२ लाव – आणि ताईच्या रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेव, मोठ्या बॅगेत नको. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असू दे.

४६. एका संध्याकाळी ‘फादो’ हे तिथलं गाणं ऐका. दिवे मंदावले की बोलणं बंद, ताटांचा आवाजही बंद – गाणारा तुमच्या शेजारी उभा असतो, आणि तिथली माणसं ती शांतता फार मनापासून पाळतात. धाकटा पेंगुळला असेल तर त्याला आणि एका मोठ्याला आधीच खोलीवर पाठव. दुसऱ्या दिवशी फादोच्या संग्रहालयात तो हेडफोन लावून ऐकेल.

४७. सगळे थकले आणि कोणालाच चालवेना, असा एक दिवस येईलच. त्या दिवशी काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासील्यशला जाणारी होडी पकड – दहा मिनिटांचा प्रवास, तेच कार्ड चालतं, आणि आख्खं लिस्बन बसल्या जागी समोर येतं. पलीकडे उतरून पाण्याकाठी बसा आणि पुढच्या होडीने परत या.

४८. भाऊजींना सगळ्यांचा एकत्र फोटो हवा असेल तर तो सकाळी काढ – संध्याकाळी निम्म्यांचे चेहरे दमलेले असतात आणि उरलेले फोटोत यायला तयार नसतात.

४९. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेदहा. तेवढ्यात रोज एक फोन कर आणि ताईला द्यायला विसरू नकोस. मी जागीच असते.